बिनखाटेचा दवाखाना

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी सरकार जो परवाना देते, त्याची भाषा आजही तब्येतीची आहे. आरोग्य राखण्यासाठी आणि टिकवण्यासाठी सदर व्यक्तीस मद्य बाळगण्यास व पिण्यास परवानगी, अशा अर्थाचा तो मजकूर. परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आयुष्यभराचाही मिळतो. इतक्या मुदतीची औषधाची चिठ्ठी आजवर कुठल्या डॉक्टरने लिहिली नसेल. ‘परमिट रूम’ ही पाटी येता-जाता वाचणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पण व्यसन सोडवणारे दवाखाने या राज्यात निघाले त्याच्या कितीतरी आधी, पिणे चालू ठेवता यावे म्हणून डॉक्टरचा दाखला आणण्याची पद्धत इथे पडली होती.

मुंबई शहरात दारूबंदी पहिल्यांदा आली ती १ ऑगस्ट १९३९ रोजी. मंत्रिमंडळ बाळासाहेब खेरांचे, आणि खाते डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे. गिल्डर स्वतः नामांकित डॉक्टर आणि पारशी. दारूच्या धंद्यात पारशी समाजाचा वाटा मोठा, त्यामुळे त्यांना आहेर घरचाच मिळाला. त्याच वर्षी महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली आणि बंदीचा जोर ओसरला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी ती पुन्हा, आणि अधिक कडक स्वरूपात आणली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा तो हाच. वांद्रे-खारच्या गल्ल्यांत ‘आंटी’चे अड्डे, खाडीकाठी हातभट्ट्या, सायकलच्या ट्यूबमधून दारूची ने-आण आणि ‘नवटाक मारणे’ हा वाक्प्रचार, हे सगळे त्या काळाने मुंबईला दिले. पिणाऱ्यासाठी कायद्याने दोन जागा ठेवल्या होत्या: एक कोठडीची, दुसरी परवान्याची. हात थरथरतोय, सोडायची आहे आणि सुटत नाही, असे म्हणणाऱ्याने कुठे जायचे, याला कलम नव्हते.

अफूच्या बाबतीत तर सरकारने याहून मजेशीर संसार केला. अफू हा इंग्रजांच्या काळात मक्त्याचा माल, दुकानात उघड मिळणारा. गिरणीत कामाला जाणारी बाई तान्ह्या पोराला ‘बाळगोळी’ चाटवून जायची, म्हणजे पाळी संपेपर्यंत पोर झोपून राही. त्या गोळीत अफू असे. पोराच्या रडण्यावरचा इलाज गिरणीच्या भोंग्याशी बांधलेला होता, असे म्हटले तर चालेल. स्वातंत्र्यानंतर तोंडाने अफू खाण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९५९ पासून ती फक्त नोंदणी झालेल्या, डॉक्टरचा दाखला असलेल्या व्यसनींपुरती उरली. ठरलेल्या दुकानातून ठरलेला कोटा घ्यायचा. आज अफूवर्गीय व्यसनांसाठी जिभेखाली विरघळणारी गोळी रोज समोर बसवून देणारी केंद्रे आहेत. त्यांच्याकडे पाहिले की त्या जुन्या कोट्याची आठवण होते. फरक इतकाच की कोट्याच्या दुकानात ‘आज कसे आहात’ असे विचारणारे कोणी नव्हते.

दवाखाना नव्हता तेव्हा लोक व्यसन सोडत नव्हते असे मात्र नाही. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ हा या मुलखातला सर्वांत जुना, घरी राहून घेण्याचा इलाज. माळ घातली की मांस सुटले, दारू सुटली. गावाने ते मान्य केले. लग्नाच्या पंगतीत, शिमग्याच्या टोळक्यात ‘अरे, त्याला आग्रह करू नका, तो माळकरी आहे’ एवढे म्हटले की विषय संपला. कोणीतरी बेलभंडारा उचलायचा, कोणी गुरूच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायचा. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले होते. पुढे बाबांच्या कीर्तनांत दारूवरचा कोरडा गावोगाव ऐकू आला तो त्या घरातून आलेला. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या दुकानांना हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. पण दुकानाच्या दारात उभे राहणे वेगळे आणि दुकानातून बाहेर आलेल्याच्या शेजारी बसणे वेगळे.

हा फरक मराठीत सर्वांत आधी कोणाला कळला असेल तर तो राम गणेश गडकऱ्यांना. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. महिनाभर आधीच गडकरी गेले होते. सुधाकराच्या अधःपतनावर आणि सिंधूच्या पातिव्रत्यावर पिढ्यान्‌पिढ्या अश्रू ढाळले गेले. त्यात एक गोष्ट नजरेतून निसटते. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. खरोखर सोडतो. मग कामासाठी दारोदार फिरतो, जुन्या ओळखीचे लोक त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. आजच्या समुपदेशकाला विचारले तर तो सांगेल, हे पाठ्यपुस्तकातले उदाहरण आहे: सोडणे जमले, सोडल्यानंतरचे महिने जमले नाहीत. आणि गंमत अशी की नाटकात पिणाऱ्यांची संघटना आहे. तळीरामाचे ‘आर्यमदिरामंडळ’ रीतसर सभा भरवते. न पिणाऱ्यांचे मंडळ मात्र नाही. सुधाकर जाणार कुठे?

तसे मंडळ मुंबईत आले ते बरोबर अडतीस वर्षांनी, आणि तेही समुद्रापलीकडून. अमेरिकेतल्या ॲक्रन गावी १९३५ मध्ये एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद एकमेकांना भेटले. दोघेही अट्टल पिणारे. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ. आपण एकटे असताना पितो आणि दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसलो की पीत नाही, एवढा साधा शोध त्यांना लागला. त्यावर ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. कॅनडाहून दिल्लीत आलेल्या एका सदस्याची १९५७ मध्ये मुंबईतल्या एका गृहस्थाशी गाठ पडली आणि भारतातली ‘ए.ए.’ सुरू झाली. साल लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबई राज्यात तेव्हा कडकडीत दारूबंदी होती. म्हणजे कायद्याच्या लेखी जी गोष्ट शहरात नव्हतीच, ती सोडण्यासाठी माणसे एकत्र जमू लागली. संस्थेच्या नावातच ‘निनावी’ आहे हे अशा वेळी किती सोयीचे झाले असेल!

या सभांना स्वतःची इमारत नसते. चर्चच्या आवारातली शाळा, पालिकेच्या शाळेतला वर्ग, समाजमंदिर, एखाद्या दवाखान्याची संध्याकाळी रिकामी पडणारी खोली, असे काहीतरी भाड्याने घ्यायचे. बाहेरची देणगी घ्यायची नाही हा नियम आहे, म्हणून शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल तो त्यात टाकतो, आणि त्यातून भाडे आणि चहा निघतो. तिसरीतल्या मुलांच्या बाकांवर पन्नाशीची माणसे गुडघे दुमडून बसलेली असतात. फळ्यावर सकाळचा पाढा तसाच. एक जण उभा राहतो, आपले फक्त पहिले नाव सांगतो, ‘मी बेवडा आहे’ म्हणतो, आणि सगळे त्याला त्याच्या नावाने नमस्कार करतात. मुंबईत ‘बेवडा’ ही शिवी. इथे ती माणूस स्वतःच्या तोंडाने, शांतपणे उच्चारतो आणि तिच्यातली नांगी निघून जाते. मग तो बोलतो. मध्ये कोणी अडवत नाही, सल्ला देत नाही. पुन्हा प्यायला असेल तर ‘स्लिप झाली’ म्हणतो. हा शब्द मराठी सभांतही इंग्रजीच राहिला, आणि बरे झाले. ‘पतन’ म्हटले असते तर माणूस परत आला नसता.

सुरुवातीच्या सभा इंग्रजी बोलणाऱ्या, बऱ्याचशा ख्रिस्ती वस्तीतल्या. हळूहळू मराठी गट निघाले. ‘ए.ए.’च्या बारा पायऱ्यांत स्वतःपेक्षा मोठ्या शक्तीपुढे हात टेकणे आहे, आपल्या दोषांची यादी करून ती दुसऱ्यासमोर वाचणे आहे, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे आहे. संतांच्या अभंगांतून आपले दोष चव्हाट्यावर मांडण्याची सवय असलेल्या समाजाला हे फार परके वाटले नसावे. परके होते ते एवढेच की इथे कीर्तनकार नाही. ऐकणारा आणि सांगणारा एकाच बाकावर.

वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ मध्ये फादर जोसेफ परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. फादर जो हे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे एका कॅथलिक धर्मगुरूने अमेरिकी बारा पायऱ्या आणि पुणेरी योगासने एका सतरंजीवर आणली. दारूने शरीर इतके परके होते की श्वास कुठे चालतो हेही माणसाला कळेनासे होते, तेव्हा आधी शरीराशी ओळख करून घ्या, असा त्यामागचा विचार. वसईला निवासी केंद्र झाले. पण मूळ कल्पना चर्चच्या एका जोडखोलीत उगवली, आणि वस्तीच्या मधोमध उगवली, हे विसरायला नको. माणूस ज्या रस्त्याने अड्ड्यावर जायचा, त्याच रस्त्यावर हे दार होते.

याच सुमारास एक नवा पाहुणा आला. इराणमधली क्रांती, पाकिस्तानातली बंदी आणि अफगाणिस्तानातले युद्ध यांनी अफूच्या जुन्या वाटा उलथ्यापालथ्या केल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कच्चे, मळकट हेरॉइन मुंबईत उतरले. कागदोपत्री ते ‘ब्राऊन शुगर’. मराठीने त्याला नाव दिले ‘गर्द’. फारसीत गर्द म्हणजे धूळ. त्यावरून ‘गर्दुल्ला’ हा शब्द घडला आणि स्टेशनच्या पुलाखाली गुडघ्यात डोके घालून बसलेल्या पोराला कायमचा चिकटला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तिच्यावर चिमूटभर पूड, खालून काडीची धग आणि वर निघणारा धूर ओढायला गुंडाळलेली नळी. एवढ्या साहित्यावर घर धुऊन निघत असे. पूड मिळाली नाही की ‘टर्की’ यायची: नाकाडोळ्यांतून पाणी, अंगभर ठणका, जुलाब, झोपेचा पत्ता नाही. पाहणाऱ्याला वाटे की आता हा मरतो. प्रत्यक्षात गर्द एकदम तोडल्याने धडधाकट माणूस सहसा मरत नाही. जीवघेणे ठरू शकते ते बरीच वर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद होणे. दोन-तीन दिवसांत फिट येतात, भास होतात, भिंतीवर किडे दिसू लागतात. ‘घरात कोंडून ठेवा, चार दिवसांत सुटेल’ या घरगुती सल्ल्याने आजवर किती जीव घेतले असतील त्याची मोजदाद नाही.

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थांचा नवा कायदा लागू झाला. शिक्षा जबर, दहा-दहा वर्षांच्या. पण त्याच कायद्यात सरकारने व्यसनींच्या उपचारासाठी केंद्रे काढावीत अशीही तरतूद होती. केंद्राच्या समाजकल्याण खात्याने त्याच सुमारास स्वयंसेवी संस्थांना समुपदेशन आणि उपचार केंद्रांसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली. १९४९ च्या कायद्यात नसलेली तिसरी जागा अशी छत्तीस वर्षांनी कागदावर आली.

पुण्यात ती जागा प्रत्यक्षात आली एका लेखमालेमुळे. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि अस्वस्थ होऊन थांबले नाहीत. काहीतरी करा, आम्ही एक लाख रुपये देतो, असा त्यांचा निरोप आला. अवचट लेखक. काम उभे करणार कोण? त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सगळ्यांच्या सुनंदा अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. तिथल्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले आणि उद्‌घाटन पु. लं.नी केले. वेड्यांच्या इस्पितळाच्या आवारात असूनही इस्पितळासारखे न दिसणारे, असे ते घर. काम करणारे बरेचसे आधीचे रुग्णमित्र. ‘पेशंट’ म्हणण्याऐवजी हाच शब्द तिथे रुळला. काल जो थरथरत दारात उभा होता, तोच वर्षा-दोन वर्षांनी नव्याने आलेल्याला ‘बस, चहा घे’ म्हणतो, आणि नव्याला ते डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा जास्त पटते.

मुक्तांगणातला मुक्काम पस्तीस दिवसांचा. बाहेर चर्चा होते ती याच मुक्कामाची. वर्तमानपत्रांत फोटो येतात ते योगासनांचे, गाण्यांचे, ओरिगामीचे. पण तिथल्या कामाचा कणा ज्या शब्दात आहे तो साधा मराठी शब्द आहे: पाठपुरावा. सरकारी कचेरीत अर्ज दिल्यावर आपण जो करतो तोच. मुक्काम संपवून घरी गेलेल्याने ठरावीक दिवशी परत यायचे, गटात बसायचे, गेल्या आठवड्यात काय झाले ते सांगायचे. पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी गेलात? मेव्हण्याच्या हळदीला काय केलेत? गणपतीच्या मिरवणुकीत मित्रांनी बाटली पुढे केली तेव्हा काय म्हणालात? प्रश्न असे, डॉक्टरी नसलेले. पुण्याबाहेर ज्या गावांतून रुग्णमित्र येत होते, तिथेही पाठपुराव्याच्या बैठका भरू लागल्या. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला. नवऱ्याने सोडली तरी बायकोच्या अंगातली सावधगिरी सुटत नाही. रात्री बेल वाजली की ती आधी वास घेते, मग दार पूर्ण उघडते. तिला हे बोलायला जागा हवी, आणि ते ऐकायला तिच्यासारखीच दुसरी बाई हवी, हे सुनंदाबाईंनी ओळखले.

सुनंदाबाई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या. मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे काम हाती घेतले. व्यसनमुक्तीचे ‘वाढदिवस’ आजही साजरे होतात, आणि त्यात एक वर्षाचा बाळही साठीचा असू शकतो. बायको-मुले पुढच्या रांगेत, आणि आई असेल तर ती सगळ्यात पुढे.

आता थोडे औषधांविषयी, कारण बिनखाटेचा, म्हणजे दाखल न होता घ्यायचा इलाज म्हणजे नुसती चर्चा असा एक गैरसमज आहे. कोपनहेगनमध्ये चाळीसच्या दशकात येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे दोन संशोधक जंतांवरचे एक औषध स्वतः घेऊन पाहत होते. त्यावर मद्य घेतले की चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, मळमळते, हे त्यांच्या लक्षात आले. औषधाचे नाव डायसल्फिराम. त्याचा अहवाल १९४८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. यकृत दारू पचवते तेव्हा मध्ये ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते आणि लगेच मोडले जाते. हे औषध ते मोडणे रोखते. विष साचते, आणि एक घोट शंभर घोटांइतका महाग पडतो. रोज सकाळी बायकोसमोर किंवा आईसमोर गोळी घ्यायची, म्हणजे संध्याकाळचा निर्णय सकाळीच झालेला असतो. घरी राहून, कामावर जाऊन घेता येणारा हा पहिला खरा औषधी आधार.

आणि याच औषधाचा सगळ्यात मोठा गैरवापर घरातच झाला. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांत आपण सर्वांनी वाचल्या आहेत. पुडीत काय आहे हे ना देणाऱ्याला माहीत, ना खाणाऱ्याला. आमटीत गुपचूप गोळी विरघळवली आणि त्याने नेहमीप्रमाणे अर्धी बाटली घेतली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. पकडून नेणारी केंद्रे हा याच मनोवृत्तीचा दुसरा अवतार. घरच्यांनी फोन करायचा, चार धट्टेकट्टे गाडी घेऊन यायचे, उचलून न्यायचे आणि महिनोन्‌महिने कुलपाआड ठेवायचे. तिथे मारहाण झाल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारात धरल्या, त्यामुळे निदान कागदावर तरी अशा रुग्णालाही हक्क आहेत. घरच्यांची हतबलता समजण्यासारखी आहे. पण नकळत गोळी आणि नकळत गाडी या दोन्हींत ज्याला सुधारायचे त्यालाच वगळलेले असते, आणि कुलूप उघडल्याच्या संध्याकाळी हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दारूबंदी आणि उपचार यांची गाठ खऱ्या अर्थाने पडली ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८६ पासून काम मांडले होते. बायाबापड्यांच्या मोठ्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. परवाने गेले, दुकाने गेली. मोहाची गेली नाही. शेजारच्या जिल्ह्यातून येणारीही थांबली नाही. वीसेक वर्षांनी सरकार, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू केले. त्यात गावागावांतल्या समित्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला तालुका क्लिनिक आहे. ठरलेल्या वारी तालुक्याच्या गावी समुपदेशक बसतो, औषध मिळते, आणि त्याच दिवशी घरी परतता येते. दूरच्या गावांसाठी एका दिवसाची शिबिरे थेट गावात.

हे साधे वाटते. पण गडचिरोलीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एसटीचा अख्खा दिवस जातो. धान रोवणीच्या दिवसांत ‘पस्तीस दिवस येऊन राहा’ असे कोणाला सांगणार? बैल कोण सांभाळील, मजुरी कोण देईल? खाटेचा इलाज हा ज्याच्या घरी महिनाभर भागेल त्याचा इलाज, ही गोष्ट पुण्या-मुंबईत झाकून राहते. इथे ती पहिल्याच दिवशी कळते. शिवाय इथे नुसती दारू नाही, खर्राही आहे: सुपारी, तंबाखू, चुना घोटून प्लास्टिकच्या कागदात बांधलेला. सकाळी शाळेत जाणाऱ्या पोराच्या गालातही तो असतो. मुक्तिपथने दारू आणि तंबाखू एकाच दमात धरले ते त्यामुळेच.

गोव्यात प्रश्न वेगळा होता. तिथे दारू लपवायची वस्तू नाही. फेणीला अभिमान आहे, तावेर्नात, म्हणजे गावच्या गुत्त्यात, आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसू शकतात. अशा ठिकाणी ‘मी बेवडा आहे’ असे म्हणायची वेळ माणसावर फार उशिरा येते, यकृत गेल्यावर. ‘संगाथ’ या १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या संस्थेने म्हणून प्रश्न उलटा केला: जो अजून पूर्ण बुडालेला नाही, पण पाणी गळ्याशी आलेय, त्याला कुठे गाठायचे? उत्तर होते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत. पोटदुखीसाठी, रक्तदाबासाठी, जखमेच्या पट्टीसाठी तो तिथे येतोच. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्यातल्या गुणांवरून कोणाचे पिणे घातक होत चालले आहे ते कळते.

डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी दहा आरोग्य केंद्रांत अशा ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना तिच्या जोडीला समुपदेशन, आणि तेही जास्तीत जास्त चार भेटींत. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, याच कामासाठी शिकवून तयार केलेले स्थानिक लोक. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते. दुसऱ्या गटात २६ टक्के. निकाल ‘लॅन्सेट’मध्ये आला. दहा टक्क्यांच्या या फरकाला कोणी किरकोळ म्हणेल. जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या मापात फरक पडला नाही, हेही त्याच अहवालात आहे. पण चार भेटी, एक खुर्ची आणि कान देऊन ऐकणारा माणूस, एवढ्या भांडवलात दुसरे कोणते औषध इतके देते?

देशाचे आकडे पाहिले की ही खुर्ची किती दुर्मिळ आहे ते कळते. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दहा ते पंचाहत्तर वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे सोळा कोटी, दारू पितात. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळालेला होता. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. म्हणजे ज्यांना काही मिळाले त्यांतल्या बहुतेकांना ते खाटेविनाच मिळाले होते. आपल्या सिनेमा-मालिकांत मात्र व्यसनमुक्ती म्हटले की लोखंडी पलंग आणि जाळीची खिडकीच दिसते.

त्या ३८ पैकी उरलेल्या सदतीस जणांपैकी एखादा एखाद्या गुरुवारी, किंवा मंगळवारी, पालिकेच्या शाळेच्या फाटकाशी येऊन दोन-तीन वेळा पुढे जाऊन परत फिरतो. आतल्या कोणाला तरी ते माहीत असते, कारण तोही असाच फिरला होता. तो बाहेर येऊन काही विचारत नाही, ‘चला’ एवढेच म्हणतो. तास-दीड तासाने सभा संपते, पिशवी फिरून येते, चहाचे कागदी पेले गोळा होतात. या सभांत एक जुनी रीत आहे: नव्याने आलेल्याला उपदेश करायचा नाही, काम द्यायचे. म्हणून त्याला सांगतात, जरा त्या खुर्च्या रचायला हात लावा. तो रचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरीची मुले येणार असतात, तेव्हा बाकही सरळ करावे लागतात. शिपाई दिवे घालवायला दारात उभाच असतो.